द्वारका, तो वास मलाही येत होता

तू गेल्याच्या पाचव्या दिवशी साहेबांनी तुझ्या लॉकरची चावी माझ्या हातात ठेवली. "सरला मॅडम, तुमची मैत्रीण होती, तुम्हीच रिकामं करा," म्हणाले. आवाज हळू होता, पण लगेच पुढं जोडलं, "आज झालं तर बरं." कंपनीत लॉकर कमी आहेत, हे तुलाही माहीत होतं.

आत फार काही नव्हतं. कुंकवाची डबी, कंगवा, बामची बाटली, लिमलेटच्या गोळ्यांचा अर्धा पुडा, आणि रुमालाच्या गाठीत सहा हिरव्या बांगड्या. एका मापानं मोठ्या. सुरुवातीला काचेच्या बांगड्या रोज काढताना तुझा पंजा सोलून निघायचा, म्हणून मग तू मोठ्या मापाच्या घ्यायला लागलीस. कामाची पाळी सुरू झाली की काढायच्या, पाळी सुटली की घालायच्या. कारखान्यात आत कुठंच बांगडी चालत नाही, कुंकू चालत नाही, केसात फूल चालत नाही. तुझी सासू तीर्थपुरीहून आली की म्हणायची, "नवरा जित्ता असून मोकळ्या हातानं कामाला जाते." तू हसून सोडून द्यायचीस. शेवटच्या पाळीला तुझ्या नाकातून रक्त यायला लागलं, थांबेना, आणि आम्ही तुला निळ्या गाऊनवर तसंच रिक्षात घातलं. बांगड्या आतच राहिल्या.

तुला न्यायच्या वेळी बायकांनी तुझ्या हातात कोपरापर्यंत चुडा भरला. हात इतके बारीक झाले होते की बांगड्या वाजत खाली घसरायच्या आणि तुझी जाऊ त्या परत वर सारायची. "नशिबाची गं, सवाष्ण गेली," कुणीतरी म्हणालं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला उठून ओरडावंसं वाटलं. मी पदर तोंडाशी धरून बसून राहिले. तोंड बंद ठेवायची मला सवय आहे, द्वारका. ते किती सवयीचं झालंय, हे तुला सांगायलाच हे लिहितेय.

अकरा वर्षांपूर्वी भरतीच्या दिवशी तू माझ्यासमोर बसली होतीस. डोक्यावर पदर, नजर खाली. तुझे यजमान ज्ञानोबाभाऊ मोंढ्याच्या बाजारात टेम्पो चालवायला लागले म्हणून तुम्ही तीर्थपुरी सोडून जालन्यात आला होतात, एवढं अर्जावरून कळत होतं. मी ट्रेमध्ये सलाईनच्या वीस नळ्या ठेवल्या होत्या, त्यांतल्या चार खराब. खराब ओळखून बाजूला काढायच्या, एवढीच परीक्षा. तू पाच काढल्यास.

"एक चुकलं," मी म्हणाले. "चारच खराब आहेत."

"पाच हायेत मॅडम," तू खालच्या मानेनंच म्हणालीस. "ह्या नळीत केस हाये."

मी नळी उजेडाकडं धरली. होता. पापणीचा असावा इतका बारीक. बहुतेक माझाच.

त्या दिवसापासून मी तुला सोडलं नाही. खरं तर तू मला सोडलं नाहीस. वर्षभरात 'मॅडम'ची 'ताई' झाले. मला कांदा-लसूण चालत नाही म्हणून तू ठेचा दोन डब्यांत आणायचीस, एक लाइनीतल्या बायकांसाठी आणि एक नुसत्या मिरची-शेंगदाण्याचा माझ्यासाठी. "पाटा धुवून वाटला, ताई. शंका न्हाई घ्यायची," असं प्रत्येक वेळी सांगायचीस. माझ्या सख्ख्या भावजयीनं इतक्या वर्षांत माझ्यासाठी वेगळं काही वाटलं नाही.

आपलं भांडण मात्र पहिल्यापासून एकच. तू कंपनीची बाजू घ्यायचीस आणि मी विरुद्ध बोलायचे. ऐकणाऱ्याला हे उलटं वाटायचं, कारण मी माल तपासायच्या क्वालिटी खात्यात, खुर्चीवर, आणि तू टेबलावर नळ्या जोडणारी. पण आमच्या घरात नोकरी ही गोष्टच नव्हती. चार पिढ्यांपूर्वी मारवाडातून आलेलं जैन घर, भुसार मालाचा धंदा. "आपण नोकर ठेवतो, नोकरी करत न्हाई," असं वडील म्हणायचे. माझं लग्न जमलं नाही, दुकानात भावाच्या शेजारी मला जागा नव्हती, बी. एस्सी.चा कागद तेवढा होता. म्हणून आले. रोज येताना जणू कुणाची तरी चोरी करतेय असं वाटायचं, आणि तो राग मी कंपनीवर काढायचे.

"मे महिन्यात कुठं मिळतो ताई असा गारवा?" तू म्हणायचीस. "माझी माय पिंपळगावात जलमभर कापूस येचून येचून मेली. बोटं बघायची होती तिची. मी खुर्चीवर बसून राह्यले. आन् टोपी-मास्क घातला की कोण कुणाची, कुणाला कळतंय? बिलकुल सगळ्या सारख्या."

"लघवीला जायचं तर सगळा गाऊन बदलावा लागतो, म्हणून तू दिवसभर पाणी पीत नाहीस. त्याचं काय?"

"ते हाये."

"स्पिरिटनं हात फाटलेत तुझे."

"ते बी हाये."

"मग?"

"मंग काय? शेतात साप हाये म्हणून कुणी शेत सोडतं का?"

मग एकदा तुझी भावजय तुझ्या माहेरी, कुंभार पिंपळगावात बाळंत झाली आणि रक्त थांबेना. तिला घेऊन तुम्ही मोठ्या दवाखान्यात गेला होतात. चार दिवसांनी तू कामावर आलीस ती गूळ-शेंगदाण्याची पिशवी घेऊन. लाइनीतल्या एकेकीच्या हातावर घास ठेवत होतीस. माझ्यापाशी आलीस तेव्हा तुझे डोळे भरले होते.

"रक्त चढवलं ताई तिला. मी नळी बघितली. आपलीच होती. वरच्या डबीवर आपला शिक्का. थेंब थेंब पडून राह्यला आन् तिच्या तोंडावर रंग येऊन राह्यला. मी तिथंच हात जोडले." मग माझ्याकडं बघून म्हणालीस, "तुमच्या दुकानातून कुणाचा जीव वाचला का कधी?"

नाही वाचला, द्वारका. ज्वारीच्या पोत्यानं भूक भागते, पण असं डोळ्यांसमोर तोंडावर रंग येताना मी कधी पाहिलं नव्हतं. त्यानंतर महिनाभर मी कंपनीला नावं ठेवली नाहीत. या नोकरीतलं चांगलं ते एवढंच, आणि ते खरंच चांगलं आहे. कुठल्या तरी गावात कुणी तरी आपल्या हातच्या नळीवर जगतं. पुढं जे झालं त्यानंही ते खोटं ठरत नाही. खोटं ठरलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

चार वर्षांपूर्वी तू माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिलीस. "ताई, बारीक दिसून राह्यलं न्हाई. चष्म्यानं बी न्हाई. माझ्या हातून खराब माल पुढं गेला तर?" दुसरी कुणी असती तर लपवलं असतं. दर सहा महिन्यांनी डोळ्यांची तपासणी होते आणि त्यात नापास झालेल्यांना कंपनी ठेवत नाही. तू तपासणीच्या आधी स्वतःहून आलीस, आणि मी तुझ्यासाठी धावपळ केली. साहेबांना भेटले, दोनदा भेटले, आणि तुला गॅसच्या विभागात जागा मिळवून दिली.

हे मी केलं. कुणी मला सांगितलं नव्हतं.

बाहेरच्या माणसाला तो विभाग कळायचा नाही. नळ्या तयार होऊन पाकिटात बंद झाल्या की त्यांचे खोके एका मोठ्या लोखंडी चेंबरमध्ये ठेवतात, आणि जंतू मारायला त्यात विषारी गॅस सोडतात. मग खोके काढून शेजारच्या खोलीत मांडतात. पंखे लावून काही दिवस त्यांच्यातला गॅस उडू देतात. खोके काढणं, मांडणं, चिठ्ठ्या लावणं, हे तुझं काम. टार्गेट नाही, बारीक बघायचं नाही, मधेमधे बसायला मिळतं. तू माझे दोन्ही हात धरलेस. "तुमच्यामुळं माझी भाकर ऱ्हायली ताई," म्हणालीस.

त्या खोलीला मालाचं मोठं दार होतं आणि दारातून आभाळ दिसायचं. माझ्या खोलीला खिडकीच नाही. चातुर्मासात मी सूर्य मावळल्यावर जेवत नाही, आणि दुपारच्या पाळीत आत बसून सूर्य कधी गेला ते कळायचंच नाही. तू ते काम आपल्याकडं घेतलंस. मावळतीला दाराच्या काचेवर टकटक व्हायची, तू बाहेरून बोट पश्चिमेकडं दाखवायचीस आणि हातानं घास तोंडात घातल्याची खूण करायचीस. घड्याळ होतं गं माझ्याकडं. पण मी तुला ते कधी सांगितलं नाही. त्या टकटकीसाठी मी थांबायचे.

गॅसच्या खोलीच्या भिंतीवर हवेतला गॅस मोजणारं यंत्र आहे. मर्यादेच्या वर गेला की भोंगा वाजतो आणि सगळ्यांनी बाहेर पडायचं. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात ते बिघडलं. काढून पुण्याला पाठवलं. आठवड्यात येतं असं साहेब म्हणाले होते, पोळा झाला तरी आलं नाही. भिंतीवर नुसत्या दोन वायरी लोंबत होत्या.

मी साहेबांकडं गेले होते. हे खरं आहे, एकदा गेले होते. "यंत्र येईपर्यंत ती खोली बंद ठेवा," मी म्हणाले.

"आणि माल?" साहेब म्हणाले. "दवाखान्यांना काय सांगू? सलाईन चार दिवसांनी लावा म्हणून सांगू?" मग शांतपणे म्हणाले, "पंखे चालू आहेत. इतकी वर्षं काही झालंय का? तुम्ही रजिस्टर तेवढं बराबर ठेवा."

रजिस्टरमध्ये दर पाळीला आकडा लिहावा लागतो. आकडा नव्हता. मी मागच्या महिन्यांची पानं उलटून बघायचे आणि त्यांच्या आसपासचा आकडा लिहायचे. कधी थोडा कमी, कधी थोडा जास्त, म्हणजे खरा वाटावा. खाली माझी सही. एकही दिवस चुकवला नाही.

श्रावणात कधी तरी तू मला बोलावलंस. "ताई, इकडं या बरं. खोलीत गोड वास येऊन राह्यला. पिकल्या फळावानी."

मी दारात उभी राहिले. मलाही आला.

मी रसायन शिकलेली बाई आहे, द्वारका. त्या गॅसबद्दल मला एक गोष्ट पक्की माहीत होती. तो नाकाला कळायच्या कितीतरी आधीच मर्यादेच्या बाहेर गेलेला असतो. वास आला, म्हणजे यंत्र असतं तर भोंगा कधीचाच वाजला असता. मला हे त्या दारात उभं असताना माहीत होतं. तू माझ्या तोंडाकडं बघत होतीस. इतकी वर्षं तू माझ्या तोंडाकडं बघूनच माल पास झाला का नापास ते ओळखायचीस.

"खोक्यांच्या पुठ्ठ्याचा असेल," मी म्हणाले. "दार उघडं ठेवत जा."

"बरं," तू म्हणालीस, आणि दाराला वीट लावलीस.

पुढं यंत्र आलं. भिंतीवर बसलं. कधी वाजतं, कधी देखभालीचा माणूस 'खोटं वाजतं' म्हणून बंद करून टाकतो. पण मी त्या श्रावणाबद्दल कुणाशी काही बोलले नाही. चांगलं चाललंय असं स्वतःला सांगत राहिले, कारण खरंच चांगलं चाललं होतं. थोरली पूजा बारावी झाली, कॉलेजात गेली. धाकटीला तू इंग्रजी शाळेत घातलंस. पिंपळगावच्या बाजारात तू बायकांना सांगायचीस, "मी सलाईन बनवते." गॅसच्या खोलीत गेल्यावरही तेच सांगायचीस.

यंदा उन्हाळ्यात तू थकायला लागलीस. जिन्यावर मधेच बसायचीस. दंडावर निळे डाग दिसले तेव्हा मी विचारलं, भाऊंनी मारलं का? तू इतकी हसलीस की खोकला आला. "ते? ते मुंगी मारत न्हाईत. खोका लागला असंन." हिरड्यांतून रक्त यायचं, तू कडुलिंबाची काडी चावायचीस. आणि मग तो नाकाचा दिवस. संभाजीनगरच्या दवाखान्यात रक्त तपासलं. तिथल्या डॉक्टरांनी ज्ञानोबाभाऊंना बाजूला घेतलं, आणि भाऊ परत आले ते भिंतीला हात लावत लावत आले. ब्लड कॅन्सर.

डॉक्टर मोकळे झाल्यावर मी एकटीनं त्यांना गाठलं. गॅसचं नाव सांगितलं. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडं बघितलं. "होऊ शकतं. नसूही शकतं. एकेका माणसाबद्दल हे ठामपणे कुणीच सांगू शकणार नाही." मला वाटलं होतं की एक तरी उत्तर मिळेल. हो म्हणाले असते तर मी मेले असते, नाही म्हणाले असते तर जगले असते. त्यांनी मधेच सोडलं, आणि मी आता जन्मभर तिथंच आहे.

तुझा उपचार कंपनीच्या विमा कार्डावर झाला. ते कार्ड तू मला किती वेळा दाखवलं होतंस! "दुकानात मिळतं का असं?" खरंच मिळत नाही. तुला पहिली सलाईन लावली तेव्हा नर्स गेल्यावर तू हात लांबवून नळी जवळ ओढलीस. डोळ्यांजवळ धरलीस, बारीक बघायचा प्रयत्न केलास.

"ताई, आपलीच हाये."

"हो."

"केस-बिस न्हाई ना बघा."

मी बघितलं. नव्हता. तू समाधानानं मान टेकलीस. त्या वेळी तुझ्या तोंडावर जे होतं त्याला मी अभिमान म्हणेन. दुसरा शब्द मला सापडत नाही. मी बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुतलं.

भाद्रपदात आमची संवत्सरी झाली. त्या दिवशी आम्ही सगळ्यांची माफी मागतो, जाणता-अजाणता दुखावलं असेल तर क्षमा असावी म्हणून. दरवर्षी मी तुला 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणायचे आणि तू हसून म्हणायचीस, "कशाची माफी ताई, तुम्ही काय केलं?" यंदा दुसऱ्या सकाळी उपवास सोडून मी पहिल्या बसनं दवाखान्यात तुझ्याकडं आले. बसमध्ये सगळं ठरवलं होतं. रजिस्टर, आकडे, गोड वास. सगळं सांगायचं.

तू उशीला टेकून बसली होतीस. केस गेले होते, डोक्याला टॉवेल. मी हात जोडले आणि ते शब्द म्हणाले. यंदा तू हसली नाहीस. थोडा वेळ माझ्याकडं बघितलंस आणि म्हणालीस, "ताई, एक इचारू? तो वास यायचा ना खोलीत, गोड. त्यानं झालं का हे?"

दार माझ्यासाठी तूच उघडलं होतंस. मला फक्त आत यायचं होतं.

"नाही गं," मी म्हणाले. "त्यानं कसं होईल? असं काही नसतं."

तू डोक्यावरचा टॉवेल सारखा केलास. मग म्हणालीस, "मंग बरं. न्हाईतर उगं कंपनीला बोल लागला असता."

आणि माझा हात थोपटलास. तू माझा हात थोपटलास, द्वारका.

त्यानंतर मी साहेबांकडं गेले, तुझ्याकडं नाही. जे तुला सांगता आलं नाही ते तिथं मोठ्या आवाजात सांगितलं. मी म्हणाले, त्या महिन्यांचे आकडे खोटे आहेत, मी सरकारी तपासणीसाला कळवणार. साहेब चिडले नाहीत. त्यांनी कपाटातून रजिस्टर काढलं, पान उघडलं आणि माझ्यापुढं सरकवलं.

"सही कुणाची आहे, मॅडम?"

मी बघितलं. वळणदार, सुरेख सही. माझे वडील म्हणायचे, सरलाचं अक्षर मुनीमाला लाजवील.

"कळवा तुम्ही," साहेब म्हणाले. "पण चौकशी झाली की कारखाना बंद. दोनशे बाया कुठं जातील ते पण ठरवून ठेवा." त्यांच्या बोलण्यात धमकी नव्हती. ते खरंच सांगत होते, आणि म्हणूनच मी उठून आले. अर्ज मी लिहिला होता. तो अजून माझ्या पर्समध्ये आहे. माझ्या जागी तू असतीस तर काय म्हणाली असतीस, हे मला चांगलं माहीत आहे. मीही त्याचाच आधार घेत राहिले. मेल्या माणसाच्या तोंडी आपल्या सोयीचं बोलणं घालता येतं.

दिवाळीनंतर डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. तू घरी आलीस आणि नवव्या दिवशी सकाळी, पूजा अंगणात सडा टाकत असताना गेलीस. मी पाळीवर होते. फोन आला तेव्हा मी रजिस्टर लिहीत होते. मी ओळ पूर्ण केली आणि मग उठले. हेही तुला सांगते.

तुझ्या तेराव्याला जेवणावळ उठल्यावर मी मागच्या दारी पूजासोबत भांडी घासायला बसले. तिनं एकामागून एक पातेली घासली. मग म्हणाली, "मावशी, साहेब येऊन गेल्ते. आईच्या जागी मला घेतो म्हणले. अर्ज भरू का? तुमी सांगा. तिथलं काम चांगलं हाये का वाईट?"

अकरा वर्षं आपण दोघी हेच भांडत आलो होतो. मी तिला तुझी बाजू सांगितली, गारवा, खुर्ची, कार्ड, तुझ्या भावजयीच्या तोंडावर आलेला रंग. माझीही सांगितली. आणि मग, राखेचे हात तसेच धरून, जे तुला सांगितलं नाही ते सगळं तुझ्या मुलीला सांगितलं. यंत्र. आकडे. वास. तिनं मला शिव्या द्याव्यात, उठवून लावावं, असं मला वाटत होतं. खरं सांगते, मी त्यासाठीच आले होते.

पूजा पातेलं घासत राहिली. मग म्हणाली, "आईला ठाऊक होतं."

"नाही गं. मी तिला कधीच…"

"ठाऊक होतं. कामावून आली की आधी न्हायची. कपडे येगळे भिजू घालायची, आमाला हात लावू देत नव्हती. धाकटी गळ्यात पडायला गेली की वरडायची, 'थांब, अंगाला गॅस हाये.'" तिनं हाताच्या मागल्या बाजूनं नाक पुसलं. "मी म्हणले, मंग सोड ना काम. तर म्हणे, सरलाताईनं एवढ्या खटपटीनं लावलं, आता त्यांना कसं सांगू? त्यांना वाईट वाटंन."

कुणी तरी चहा आणून ठेवला होता, तो गार झाला.

म्हणजे संवत्सरीच्या वेळी तू मला जे विचारलंस ते तुला माहीत होतं. तू विचारत नव्हतीस. मला बोलायला जागा करून देत होतीस. मी बोलले नाही, तर माझी लाज राहावी म्हणून 'मंग बरं' म्हणालीस. पाच खराब असताना चार म्हणणाऱ्या बाईला तू पहिल्या दिवशी तोंडावर चूक दाखवली होतीस, आणि शेवटी मात्र मला तसंच जाऊ दिलंस. का गं? मला वाईट वाटेल म्हणून? या एका गोष्टीवरून मला तुझ्याशी कडाकडा भांडायचं आहे, आणि समोर कुणी नाही.

"मंग भरू का अर्ज?" पूजानं परत विचारलं.

"सगळं ऐकूनही विचारतेस?"

"धाकटी दहावीत हाये, मावशी. बाबा महिना झाला, टेम्पोत बसत न्हाईत. नुसते भिताडाकडं बघतात. मी न्हाई गेले तर कुठं जाऊ, तेवढं सांगा."

मी दुसरी जागा शोधायला दोन दिवस मागून घेतले. भावाला विचारलं. तो म्हणाला, दुकानात मुलगी कशी बसवायची? एका शाळेत विचारलं, एका दवाखान्यात विचारलं. तिसऱ्या दिवशी पूजाचा अर्ज मीच भरून दिला.

एक गोष्ट मात्र मी केली. साहेबांना सांगितलं, पूजा गॅसच्या खोलीत जाणार नाही, कधीच नाही. मला वाटलं होतं वाद होईल. ते लगेच हो म्हणाले, इतकं लगेच की मी अजून काही मागायला हवं होतं असं वाटलं. ती आता असेंब्लीत, नळ्या जोडायला आहे, चौथ्या टेबलावर. तुझ्यासारखी मान खाली घालून काम करते. तिची नजर चांगली आहे. सध्या तरी चांगली आहे.

तुझ्या जागी त्या खोलीत दुसरी बाई आली आहे. तिशीची असेल, परतूरकडची, असं कुणी तरी म्हणत होतं. पाळी सुटल्यावर गेटपाशी ती माझ्याकडं बघून हसते. मीही हसते. तिचं नाव मी अजून विचारलेलं नाही.